पाहुण्यांना जुनं नाशिक पायी कसं दाखवावं

पाहुणे आले की बहुतेक नाशिककर त्यांना गाडीत बसवतात आणि त्र्यंबकेश्वर, सोमेश्वर करून संध्याकाळी परत आणतात. पाहुणे खूश होतात, पण गाव बघायचं राहूनच जातं. ज्या गावात आपण राहतो ते रामकुंडापासून तिवंध्यापर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये आहे आणि ते पायीच बघावं लागतं. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मी किमान पन्नास वेळा तरी ही फेरी कोणाला ना कोणाला घडवली आहे. ती कशी करायची ते सांगते.

सकाळी साडेसहाला पंचवटी कारंजावर उतरायचं. रिक्षानं या, गाडी आणू नका. बुधवार टाळा, कारण त्या दिवशी घाटावर आठवडे बाजार असतो. बाजार बघण्यासारखा आहेच, पण त्यासाठी वेगळं यावं. सातआठ माणसांपेक्षा जास्त नेऊ नका. पाण्याच्या बाटल्या, टोपी, साध्या चपला हे सांगायला नको.

काळाराम ते गंगा

आधी काळाराम. काळ्या पाषाणाचं हे देऊळ सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला बांधलं. दर्शन झाल्यावर दरवाज्याबाहेर दोन मिनिटं थांबा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. १९३५ साली याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हे सांगितल्याशिवाय पाहुण्यांना तिथून पुढे नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या नक्षीकामाचं कौतुक करून निघालं, तर त्या दाराची अर्धीच गोष्ट त्यांच्या हाती लागते.

सीतागुंफेचं तोंड फार अरुंद आहे. गुडघे दुखणाऱ्यांना बाहेर बसवा.

मग उतारानं गंगेवर या. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो, हे पाहुण्यांना आधी सांगा, नाहीतर पुढचं निम्मं बोलणं त्यांना कळत नाही. वाटेत कपालेश्वर आहे. इथे महादेवापुढे नंदी नाही, तेवढं दाखवा आणि पुढे चला.

रामकुंडावर एक पथ्य कडक पाळा. तिथे लोक अस्थी घेऊन येतात, दहाव्याचे विधी चालू असतात. फोटो काढायचे नाहीत, हे घाटावर पोचण्याआधीच सगळ्यांना सांगा. एकदा आमच्यातल्या एकानं हौसेनं मोबाइल उंचावला. समोर मुंडन केलेला एक मुलगा बापाच्या अस्थी हातात घेऊन उभा होता. त्यानं आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून मी मोबाइल आधीच पिशवीत ठेवायला लावते.

घाटावर दोन गोष्टी नीट दाखवा, पुढे त्या लागणार आहेत. पहिली दुतोंड्या मारुती. पुरात पाणी किती चढलं हे गाव या मारुतीवरून मोजतं. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं पावसाळ्यात घराघरात बोललं जातं. दुसरी नारोशंकराची घंटा. हे मूळचं रामेश्वराचं देऊळ. नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते १७४७ साली बांधलं. पुढच्या भिंतीवरची मोठी घंटा पोर्तुगीज आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. वसईच्या विजयाची घंटा म्हणून ती ओळखली जाते. तिच्यापर्यंत पाणी गेलं, तर जुनी माणसं त्याला महापूर म्हणतात.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल, तर घाटावर उतरूच नका. पाणी झपाट्यानं चढतं, पायऱ्यांवर शेवाळ असतं. त्या दिवशी वरून, अहिल्याबाई होळकर पुलावरून बघा आणि परत फिरा.

पुलापलीकडे: फेरी इथेच बिघडते

इथपर्यंत कोणीही दाखवू शकतं. देऊळ समोर उभं असतं, नदी वाहत असते, पाहुणे आपोआप बघतात. गंगेवरचा रामसेतू पूल ओलांडून भांडी बाजारात, सराफ बाजारात शिरलं की खरं अवघड काम सुरू होतं. बोळ अरुंद. निम्मे वाडे पडलेले, त्या जागी सिमेंटच्या इमारती. उरलेल्या वाड्यांना दुकानांच्या पाट्यांनी झाकलेलं. 'हे बघा' म्हणून बोट दाखवावं असं सुटं काही नाही.

पहिली काही वर्षं मी इथे सपशेल हरत होते. घरी बसून पाठ केलेली माहिती मी बोळाबोळांत म्हणून दाखवायचे. हा वाडा अमक्यांचा, ही आळी तमक्यांची, हे इतक्या साली. मंडळी मान डोलवायची. दहीपुलापर्यंत पोचेस्तोवर एक जण चहाच्या टपरीपाशी मागे राहिलेला, दोघी भांड्यांच्या दुकानात, आणि माझ्यासोबत फक्त आत्या, त्याही माझा चेहरा पडू नये म्हणून. अजूनही अनेकजण हाच सल्ला देतात की माहिती वाचून जा, सनावळ्या तोंडपाठ असू द्या. हा सल्ला मोडीत काढा. बोळात सनावळी ऐकायला कोणी थांबत नाही.

वाट मला सांगलीच्या मामांनी दाखवली. ते सांगलीतच वाढलेले. त्यांच्याकडे पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं, यावर घर सोडायचं की नाही ते ठरतं. सराफ बाजारात मी नेहमीसारखी बोलत होते. मामा ऐकत नव्हते. एका बंद दुकानाच्या ओट्यापाशी ते वाकले, हाताची वीत करून ओटा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं, मग समोरच्या दुकानाचा मोजला. वर बघून म्हणाले, "हितं पाणी कुठवर येतंय गं?"

त्या एका प्रश्नानं सगळी मंडळी गोळा झाली. मी मामांना सरकारवाड्यापाशी घेऊन गेले. काळ्या दगडांच्या उंच पायऱ्यांचा हा पेशवेकालीन वाडा सराफ बाजारालगतच आहे, आणि पूर चढला की पाणी वाड्याच्या कितव्या पायरीला लागलं ते गावात विचारलं जातं. मामा खालच्या पायरीवर उभे राहिले, नदीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "म्हंजे तिकडं मारुती बुडल्यावर मग हितं." बरोबर तेच. मारुती, घंटा, पायरी: गावाची ही एकच मोजपट्टी आहे, नदीपासून बाजारापर्यंत मांडलेली. मी इतकी वर्षं तिचे तुकडे वेगवेगळे दाखवत होते.

तेव्हापासून मी हा टप्पा असा करते.

रामसेतूच्या मध्यावर थांबते आणि सगळ्यांना मागे वळून मारुती बघायला लावते. मग एवढंच सांगते: आता आपण पाण्याच्या वाटेनं गावात जाणार आहोत, पाणी कुठे थांबत असेल ते तुम्ही सांगायचं. यापुढे मी बोलत नाही. प्रत्येक वळणावर एकच प्रश्न विचारते, "इथे आलं असेल?" माणसं आपोआप खाली बघायला लागतात. ओट्यांची उंची दिसते, दाराच्या चौकटी दिसतात, गटार कुठून कुठे वाहतं ते दिसतं. सरस्वती नाला या भागातूनच नदीला मिळतो, त्यामुळे पाणी समोरून येतं तसं मागूनही येतं, हे बऱ्याचदा पाहुण्यांपैकीच कोणीतरी ओळखतं.

सरकारवाड्यापाशी १९६९ आणि २००८ चे पूर सांगा, २ ऑगस्ट २०१६ चा सांगा. आता मात्र सन सांगायचे, कारण आता ते ऐकायला माणसं थांबलेली असतात.

त्यानंतर चढ. 'नाशिक नव टेकां वसविले' ही जुनी म्हण इथे सांगा, आधी नाही. जुनं गाव नऊ टेकड्यांवर वसलं, म्हसरूळ टेक, डिंगर आळी अशी नावं त्याचीच. ही म्हण घाटावर सांगितली तर ती नुसती म्हण राहते. पोटऱ्या भरून आल्यावर सांगितली, की माणूस मागे वळून उतार बघतो आणि गाव वर का बसलं ते त्याला कोणी समजावून द्यावं लागत नाही.

काही ताकिदी देते, कारण या चुका मी स्वतः केल्या आहेत. दुकानं उघडायच्या आत या भागातून बाहेर पडा. उघडा बाजार हा खरेदीचा, बंद बाजार बघण्याचा. शटर खाली असताना ओटे, लाकडी तुळया, वरचे सज्जे स्पष्ट दिसतात. वाड्याच्या चौकात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका; ते कोणाचंतरी घर आहे. ओट्यावर कोणी आजोबा-आजी बसलेले दिसले तर नमस्कार करून विचारा, "आजोबा, एकोणसत्तरच्या पुरात कुठे होतात?" नाही बोलले तर पुढे जा. बोलले तर घड्याळ बघू नका, पुढचं काही राहिलं तरी चालेल. एका आजींनी आम्हाला आपल्या दाराच्या चौकटीवर बोट टेकवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं, आणि मग ते बोट पुसावं तसं पदराला पुसलं. मी सांगितलेलं काहीही माझ्या पाहुण्यांना आठवत नसेल, ते बोट त्यांना आठवतं.

आणि हेही: या टप्प्यात सगळं नाशिक कोंबू नका. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या, तीळभांडेश्वर गल्ली, सावरकरांची अभिनव भारत संघटना, हा फार मोठा विषय आहे. त्यासाठी वेगळी सकाळ काढा. पुराच्या मध्ये क्रांतिकारक आणले की दोन्ही वाहून जातात.

तिवंधा आणि पुढे

शेवटी तिवंधा चौक. इथे रस्त्याच्या पोटात पेशवाईपासूनची रहाड आहे. हा दगडी हौद वर्षभर बुजवलेला असतो आणि रंगपंचमीला उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, त्यात धप्पकन उडी मारायची. पाहुण्यांना जागेवर उभं करा आणि मग सांगा की तुम्ही तिच्यावरच उभे आहात.

थकलेल्यांना इथून रिक्षा करून द्या. बाकीच्यांना भद्रकालीचं दर्शन घडवून मिसळीला न्या, नऊ-साडेनऊ झालेले असतात. पांडवलेणी त्याच दिवशी उरकायला जाऊ नका. २४ लेणी आहेत, तिसऱ्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे आणि चढ उघड्यावरचा आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताच पायथ्याशी हजर राहा.