डिस्क भरली? आधी काहीही उडवू नका

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा फोन आला तेव्हा मी कटात पाव बुडवत होतो. "दादा, चलनच निघंना झालंय. गाडी गेटवर उभी हाय." त्यांच्या लिनक्स सर्व्हरवर एकच ओळ: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणजे डिस्कवर जागा नाही.

पहिलं 'डीएफ -एच' मारा, डिस्क किती भरली ते दिसतं (कमांड उच्चारानं लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायच्या). रूट, म्हणजे '/' ही मुख्य डिस्क, 100 टक्के. लगेच 'डीएफ -आय' पण बघा. कधीकधी जागा असते, पण लाखो चिल्लर फायलींनी आयनोड (दर फायलीमागं लागणारी नोंद) संपलेले असतात आणि माणूस नुसता मोठ्या फायली शोधत बसतो. इथं आयनोड ठीक होते.

मग कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते बघायला 'डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 /', रूट युजर (अ‍ॅडमिन) म्हणून. 'एक्स' विसरू नका, नाहीतर तो दुसऱ्या डिस्काही मोजत बसतो. इथं गंमत झाली: डीएफ म्हणतो 40 जीबी वापरलेत, डीयूला सापडतात 22. उरलेले 18 गेले कुठं?

अकाउंटंटला विचारलं. "रात्री ती मोठी लॉग फाइल मी उडवली की!" लॉग म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या कामाची नोंद लिहितो ती फाइल. उडवली खरी, पण प्रोग्रॅमनं ती उघडी धरलेली. नाव जातं, जागा सुटत नाही. शेवटचा धरणारा प्रोग्रॅम सोडेपर्यंत ती जागा अडकूनच राहते. 'एलएसओएफ +एल1' मारलं की असे धरणारे दिसतात. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि 18 जीबी परत. चालू लॉग रिकामा करायचा तर फाइल उडवणारं 'आरएम' नको, 'ट्रंकेट -एस 0' वापरा.

असं कोणी सापडलं नाही तर माउंटखाली, म्हणजे दुसरी डिस्क ज्या फोल्डरवर जोडतात त्याच्या खाली, बघा. यूएसबी डिस्क लागलेली नसताना बॅकअप चालला, तर तो रूटवरच उतरतो. नंतर डिस्क लावली की त्याखाली झाकला जातो. 'माउंट --बाइंड / /एमएनटी/बघू' केलं की झाकलेलं दिसतं. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये 'माउंटपॉइंट -क्यू'ची तपासणी घाला, म्हणजे डिस्क लागलीय का ते आधी कळेल.

तातडीची जागा हवी असेल तर सिस्टिमचे जुने लॉग छाटायला 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=200एम' आणि उबंटू-डेबियन या लिनक्सवर डाउनलोड झालेली पॅकेजं काढायला 'एपीटी क्लीन'. डेटाबेसच्या फोल्डरला मात्र हात लावायचा नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'पीजी_एक्सलॉग' नावाचं फोल्डर होतं, डेटाबेसला लागणाऱ्या नोंदींचं. लोक साधे लॉग समजून ते उडवायचे, म्हणून 10व्या आवृत्तीत त्याचं नाव 'पीजी_वॉल' केलं. यावरून समजा किती जणांनी हात भाजून घेतले असतील.

गाडी सुटली. निघताना 'फॅलोकेट -एल 1जी'नं 1 जीबीची, नुसती जागा अडवून ठेवणारी एक फाइल तिथं ठेवून आलोय, नाव 'हीच_उडवा'. पुन्हा डिस्क भरली तर अकाउंटंटनं तेवढी एकच उडवायची आणि मला फोन लावायचा.