करवंदीचे कुंपण: मृगात लागवड, फळ उतरल्यावरच छाटणी

बांधावर बारमाही हिरवे राहणारे, जनावरांना अडवणारे, फुलांनी शोभणारे आणि वर फळही देणारे झुडूप हवे असेल, तर नाशिककरांना ते लांब शोधायला नको. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या भागांतल्या डोंगरउतारांवर करवंदीच्या जाळ्या आपणहून वाढतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तिथल्या आदिवासी महिला पानांच्या द्रोणांतून काळी करवंदे विकायला आणतात. हीच करवंदी सिन्नर, येवला, चांदवडकडच्या कमी पावसाच्या मुरमाड जमिनीतही चांगली तग धरते. मात्र कुंपणाला लावलेली करवंदी दाट होते पण फळत नाही, अशी तक्रार अनेक शेतकरी करतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात चालवलेली कात्री असते.

लागवडीसाठी मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यानंतरचा काळ सर्वांत चांगला. कुंपणासाठी सुटे खड्डे घेण्यापेक्षा बांधालगत साधारण 45 सेंटिमीटर रुंद व तितकाच खोल चर घ्यावा, तो शक्यतो मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा आणि पावसाआधी निघालेल्या मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरून घ्यावा. हुमणी (मुळे खाणारी अळी) किंवा वाळवीचा त्रास असलेल्या जमिनीत थोडी निंबोळी पेंडही मिसळावी. दोन रोपांत 60 ते 90 सेंटिमीटर अंतर पुरते. फळांसाठीच स्वतंत्र लागवड करायची असेल, तर ते दोन ते तीन मीटर ठेवावे. निफाडच्या भारी काळ्या जमिनीत मात्र रोपे उंच वरंब्यावरच लावावीत, कारण करवंदी पाण्याचा ताण सोसते, पण मुळाशी साचलेले पाणी तिला सोसवत नाही.

रोपांसाठी जंगलातल्या जाळ्या उपटून आणू नयेत. तिथे एक जाळी कमी होते आणि इथे खोलवर गेलेले मूळ तुटल्याने रोप सहसा जगत नाही, असे दुहेरी नुकसान त्यात आहे. पिकलेल्या फळांचे बी काढून, धुऊन, सावलीत जेमतेम सुकवून लगेच पिशव्यांत पेरावे; हे बी साठवले की त्याची उगवण झपाट्याने घटते. बियांच्या रोपांत फळाचा आकार व चव सारखी मिळत नाही, म्हणून खात्रीच्या झाडाची पावसाळ्यात गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून, केलेली कलमे घेणे चांगले. शोभेचा विचार असेल, तर पंतनगर कृषी विद्यापीठाचे पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेले ‘पंत मनोहर’ किंवा ‘पंत सुदर्शन’ हे वाण फळांच्या दिवसांत फार देखणे दिसतात. मोठ्या फळासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण बोल्ड’ आहे.

पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी पाणी आणि बुंध्याशी पाचटाचे आच्छादन द्यावे. त्यानंतर झाड स्वतःचे भागवते. निफाड परिसरात पारा पाच अंशांखालीही उतरतो, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात कोवळ्या रोपांवर रात्री गोणपाट टाकावे.

आता छाटणीविषयी. करवंदीला पांढरा, जाईची आठवण करून देणारा सुगंधी फुलोरा माघ-फाल्गुनाच्या सुमारास येतो आणि तो फांद्यांच्या शेंड्यांवर असतो. आपल्याकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला मजुरांची टोळी आली, की त्याच हातांनी कुंपणही सारखे करून घेण्याची पद्धत पडली आहे. सिन्नरकडच्या आमच्या बांधावर मीही एका वर्षी तसेच करून घेतले. कुंपण रेघ मारल्यासारखे सरळ दिसले, पण पुढच्या फाल्गुनात फुले आली ती कात्री न पोचलेल्या, विहिरीच्या बाजूच्या आठ-दहा हात जाळीवरच. ऑक्टोबरनंतरची नवी फूट थंडीत रेंगाळते आणि फुलोऱ्यापर्यंत पक्व होत नाही, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे. म्हणून गावरान करवंदीची छाटणी फळ संपताच, म्हणजे जूनअखेर ते जुलैत करावी. पावसाळ्यात पिकणाऱ्या बागायती वाणांचे फळ उतरल्याबरोबर, उशीर न करता हलकीच छाटणी घ्यावी. रस्त्याकडची बाजू सरळ ठेवून आतली बाजू मोकळी वाढू दिली, तर कुंपण आणि फळ दोन्ही साधतात. छाटताना जाड हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, कारण टोकाशी कधीकधी दुभंगलेले हे काटे साध्या कापडातून सहज आत जातात.

द्राक्षबागेला लागून असलेल्या कुंपणावर फवारणीचे तुषार येतात, हे विसरू नये. फुलोऱ्याच्या काळात मधमाश्या सकाळी करवंदीवर असतात, तेव्हा कीटकनाशकाची फवारणी संध्याकाळी आणि वारा नसताना करावी, आणि तुषार पडलेली फळे औषधाचा प्रतीक्षाकाळ (फवारणीनंतर फळ खाण्याआधी थांबायचे दिवस) पूर्ण झाल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नयेत.

लागवडीनंतर साधारण तिसऱ्या वर्षी फळ धरू लागते. लोणच्यासाठी फळ हिरवे, घट्ट असतानाच काढावे. देठ तुटताच दुधासारखा चीक येऊन बोटांना चिकटतो आणि पाण्याने निघत नाही, म्हणून तोडणीआधी हातांना गोडेतेल लावून घ्यावे. कच्च्या फळात पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक, भरपूर असल्याने जेलीसाठी थोडी कच्ची फळे पिकलेल्यांत मिसळावीत. नुसती खायची असतील, तर ती पूर्ण काळी व मऊ होईपर्यंत झाडावरच राहू द्यावीत.