गुरू-बुधाचा जप घरच्या घरी कसा करावा

ग्रहांचा जप म्हटला की आपल्याकडे आधी शनी आठवतो. साडेसाती लागली की शनिवारचं तेल, मारुतीला रुईच्या पानांचा हार, शिंगणापूरची फेरी हे सगळं ओघानं येतं. बुद्धी आणि भरभराटीसाठी मात्र परंपरेनं शनीकडे नाही, तर बुध आणि गुरू या दोघांकडे बोट दाखवलं आहे. बुधाकडे वाणी, हिशेब, व्यापार आणि चटकन समजण्याची शक्ती. गुरूकडे, म्हणजे बृहस्पतीकडे, ज्ञान, विवेक, संतती आणि धन. शुक्राकडेही ऐश्वर्य आहे, पण ते वाहन, दागिने, कला यांच्या अंगानं जाणारं.

हा लेख बुध आणि गुरू या दोघांच्या जपापुरता आहे. जप केला म्हणून पेपर सोपा येत नाही आणि खात्यात पैसेही पडत नाहीत. तसं कुणी छातीठोकपणे सांगत असेल आणि पाठोपाठ पुष्कराजाचा भाव सांगत असेल, तर उठून चालू लागावं. जपाला अंगठी लागत नाही. लागते ती रोजची अर्ध्या तासाची बैठक, आणि लोक नेमके तिथेच कच्चे पडतात.

एकच ग्रह, एकच मंत्र

सुरुवातीला होणारा घोटाळा म्हणजे सगळंच एकदम करायला घेणं. बुधवारी बुध, गुरुवारी गुरू, शनिवारी शनी, वर गायत्री आणि अथर्वशीर्ष. दोन आठवड्यांत हे सगळं गुंडाळलं जातं. त्यापेक्षा एक ग्रह धरा. अभ्यास, स्पर्धा परीक्षा, दुकानाचा हिशेब, बोलण्यातलं चाचरणं यांसाठी बुध. निर्णय घेता येत नाहीत, घर आणि पैसा यांची घडी बसत नाही असं वाटत असेल तर गुरू. पत्रिका दाखवून कुणी जाणत्यानं वेगळं सांगितलं असेल तर तसं करा, पण पत्रिका नसली म्हणून अडून बसू नका.

आता मंत्र. यात चार पायऱ्या आहेत आणि त्यांचा अधिकार वेगवेगळा मानला जातो. सर्वांत मोकळं आहे नवग्रह स्तोत्र. ते व्यासांच्या नावावर आहे, ‘जपाकुसुमसंकाशं’नं सुरू होतं आणि कितीतरी मराठी घरांत ते रामरक्षेबरोबर पाठ असतं. त्यातला एकेका ग्रहाचा श्लोक सुटा घेऊनही म्हणतात.

बुधाचा:
प्रियंगुकलिकाश्यामं रूपेणाप्रतिमं बुधम् ।
सौम्यं सौम्यगुणोपेतं तं बुधं प्रणमाम्यहम् ॥

गुरूचा:
देवानां च ऋषीणां च गुरुं काञ्चनसन्निभम् ।
बुद्धिभूतं त्रिलोकेशं तं नमामि बृहस्पतिम् ॥

दुसरी पायरी नाममंत्राची: ‘ॐ बुं बुधाय नमः’ आणि ‘ॐ बृं बृहस्पतये नमः’. माळेवर जप करायला हेच सोयीचे. तिसरी बीजमंत्रांची, म्हणजे ‘ॐ ब्रां ब्रीं ब्रौं सः बुधाय नमः’ आणि ‘ॐ ग्रां ग्रीं ग्रौं सः गुरवे नमः’. हे छापील पुस्तकांत सर्रास मिळतात, तरी ते कुणाकडून तरी घेऊन मगच करावेत असं जुनी मंडळी म्हणतात, आणि मला ते पटतं. चौथी पायरी वैदिक मंत्रांची. गुरूसाठी ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली ‘बृहस्पते अति यदर्यो’ ही ऋचा म्हणतात. तिला स्वर आहेत, उदात्त-अनुदात्त आहेत. वेदपाठी गुरुजींसमोर बसून शिकल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

नवख्यानं सकाळी संबंधित ग्रहाचा श्लोक तीनदा म्हणावा आणि मग नाममंत्राची माळ धरावी. एवढं पुरे.

उच्चार

इथे थोडं थांबू, कारण मराठी जिभेच्या काही सवयी संस्कृतात आड येतात.

आपला ‘ज’ आणि ‘च’ दोन प्रकारचा. ‘जग’मधला ज दाताजवळचा, ‘जय’मधला टाळूचा. संस्कृतात फक्त टाळूचाच. गंमत अशी की मराठीत आपण ‘जप’ दाताजवळच्या ज-नं म्हणतो आणि त्याच ओघात ‘जपाकुसुम’ही तसंच म्हणून टाकतो. तिथे ‘जय’चा ज हवा. तसंच ‘देवानां च ऋषीणां च’मधला च. ‘मीच’, ‘तूच’मधला नव्हे, ‘चंद्र’मधला.

दुसरं म्हणजे शेवटचा ‘म्’. ‘बृहस्पतिम्’ म्हणताना शेवटी ओठ मिटले पाहिजेत. ‘बृहस्पतिम’ असा मोकळा म सोडू नका. ‘बृं’चंही तेच, ओठ मिटून अनुस्वार घुमू द्यायचा. ‘नमः’चा विसर्ग म्हणजे हलका ‘ह’, त्याला ‘नमहाऽ’ असं शेपूट लावायचं नाही. ‘बुद्धिभूतं’मध्ये ‘द्धि’ ऱ्हस्व आणि ‘भू’ दीर्घ. आपण घाईत नेमकं उलटं करतो. ‘प्रणमाम्यहम्’ अडत असेल तर आधी ‘प्रणमामि अहम्’ असं फोडून चार वेळा म्हणा, मग जोडा.

ऋ-वरून वाद नको. महाराष्ट्रात ‘ब्रुहस्पती’कडे झुकणारा उच्चार आहे, उत्तरेत ‘ब्रिहस्पती’कडे. यूट्यूबवर ऐकून शिकत असाल तर एकच आवाज निवडा आणि त्याच्याबरोबर चला. आज हा, उद्या तो असं केलंत तर दोन्ही उच्चार तोंडात कालवले जातात.

श्लोक अनुष्टुभ छंदात आहेत, आठ-आठ अक्षरांचे चार चरण. आठव्या अक्षराला श्वास घ्यायचा: ‘देवानां च ऋषीणां च’, श्वास, ‘गुरुं काञ्चनसन्निभम्’, श्वास. ही लय बसली की पाठांतर आपोआप होतं. मुलांना शिकवायचं असेल तर आठवड्याला एक श्लोक द्या. नऊ आठवड्यांत नऊ ग्रह होतात, आणि कुणी रडतही नाही.

वेळ आणि जागा

बुधासाठी बुधवारी, गुरूसाठी गुरुवारी सुरुवात करतात. त्या त्या वारी सूर्योदयापासूनचा पहिला तास त्याच ग्रहाच्या होऱ्याचा असतो, म्हणून सकाळ बरी. सूर्योदय आपल्या गावचा बघा. मुंबई आणि नागपूरमध्ये पंचवीसेक मिनिटांचा फरक आहे. दुबईत किंवा न्यू जर्सीत असाल तर तिथलाच सूर्योदय धरायचा, पुण्याचा नाही. गुरुपुष्यामृत, म्हणजे गुरुवारी पुष्य नक्षत्र येण्याचा योग, साधला तर उत्तम, पण त्याच्यासाठी दोन महिने खोळंबू नका. रात्रपाळी करणाऱ्यांनी तर मुहूर्ताचा धसकाच घेऊ नये. स्तोत्राच्या फलश्रुतीतच ‘दिवा वा यदि वा रात्रौ’ असं म्हटलं आहे.

पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड, खाली लोकरीचं किंवा दर्भाचं आसन, गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्ची. फोन दुसऱ्या खोलीत.

ज्यांच्या घरी गुरुवार दत्ताचा आहे, वाडीला किंवा गाणगापूरला जाणं आहे, त्यांना एक शंका हमखास येते: दत्तगुरू आणि ग्रहातला गुरू एकच का? देवता वेगळ्या, वार एक. दत्ताची नेहमीची पूजा-आरती झाली की त्याच आसनावर बसून गुरूचा जप करा, दोन्हींत काही भांडण नाही. आणि वाडीचा तर या ग्रहाशी थेट संबंध आहे. गुरू कन्या राशीत आला की कृष्णाकाठी नृसिंहवाडीला आणि वाईला कन्यागत पर्व असतं. त्याच्या आधीच्या वर्षी, गुरू सिंहेत असताना, नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ. बारा राशी फिरायला या ग्रहाला जवळपास बारा वर्षं लागतात, म्हणून हे पर्वही तितक्या वर्षांनीच येतं.

संकल्प आणि हिशेब

गुरूची शास्त्रोक्त जपसंख्या १९,००० सांगतात. बुधाची पुस्तकागणिक बदलते, ४,०००ही सापडते आणि ९,०००ही. तुमच्या गुरुजींच्या किंवा घरातल्या पुस्तकाची धरा आणि शोधत बसणं तिथेच थांबवा.

माळेत मणी १०८, पण हिशेबात एक माळ म्हणजे १०० जप धरायचा. वरचे आठ चुकलेल्या, अडखळलेल्या जपांसाठी सोडून द्यायचे. म्हणजे गुरूच्या १९,००० जपांच्या झाल्या १९० माळा. रोज पाच केल्या तर ३८ दिवस. पण गुरुवारी सुरू केलेला जप मग शनिवारी संपतो, आणि शेवटही गुरुवारीच व्हावा असं बहुतेकांना वाटतं. त्यावर सोपा उपाय असा: पहिल्या दिवशी आणि इतर वारी पाचच माळा करायच्या, पण पुढच्या पाच गुरुवारी सात-सात. ३६ व्या दिवशी, गुरुवारीच, १९० पूर्ण होतात. नाममंत्राला तीन सेकंद धरले तर एका माळेला साडेपाच मिनिटं लागतात. पाच माळांना सत्तावीस, सातांना अडतीस मिनिटं. रोज एवढा वेळ निघणार नसेल तर एकच माळ ठेवा आणि संख्येचा संकल्पच करू नका. नुसता ‘रोज एक माळ’ हा नेमही चालतो.

संकल्पासाठी पळीभर पाणी उजव्या हातात घ्यायचं. गुरुजी सांगतात तो संकल्प ‘गोदावर्या दक्षिणे तीरे’ वगैरे देशकालाचा असतो. गोदावरीच्या उत्तरेला किंवा परदेशात राहणाऱ्यांनी तो तसाच घोकण्यात अर्थ नाही. मराठीत म्हणा: ‘अमुक गोत्रात जन्मलेला मी, आजपासून छत्तीस दिवस, विद्या आणि घराच्या भरभराटीसाठी, बृहस्पतीचा एकोणीस हजार जप करतो.’ गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणण्याची पद्धत आहे. पाणी ताम्हनात सोडा.

माळ हातात घेतल्यावर

तुळशीची किंवा रुद्राक्षाची, घरात असेल ती चालते. गुरूसाठी हळदीची माळही मिळते, पण बाजारात नुसता पिवळा रंग दिलेले मणीही असतात. ओल्या बोटानं चोळून बघा.

माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ठेवायची आणि अंगठ्यानं एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लांब, नख मण्याला लागू द्यायचं नाही. मेरुमण्याशी, म्हणजे माळेच्या टोकाच्या वेगळ्या मण्याशी, पोचलात की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून आल्या वाटेनं परत निघायचं. हे फिरवणं पहिल्या दिवशी जमत नाही आणि डावा हात मदतीला धावतो. तेव्हा जपाला बसण्याआधी रिकाम्या हातानं पाच-सहा वेळा करून पाहा. माळ गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत, किंवा उपरण्याखाली झाकलेली असावी.

किती माळा झाल्या हे लक्षात राहत नाही. समोर ताटलीत पाच हरभरे ठेवा, माळ झाली की एक उजवीकडे सरकवा.

प्रवासात माळ नसेल तर बोटांच्या पेरांवर मोजतात. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, मग तिचं खालचं पेर. पुढे करंगळीचं खालचं, मधलं, वरचं. मग अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, आणि शेवटी तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. झाले दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं म्हणजे इथला मेरू, त्यांना हात लावायचा नाही. लोकलच्या गर्दीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आवाज किती? मोठ्यानं तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू जात नाही तो उपांशु, आणि मनातल्या मनात तो मानस. मनुस्मृतीत ही चढती श्रेणी आहे, मानस सर्वांत वरचा. तरी पहिला आठवडा वाचिकच करावा. मनातल्या जपात उच्चार कधी घसरला ते कळत नाही, आणि झोप कधी लागली तेही.

मन भरकटणारच. किराण्याची यादी, ऑफिसातला कुणीतरी, सगळे येतात. लक्षात आलं की आहात त्या मण्यावरून पुढे चला. मागे जाऊन मोजणी दुरुस्त करू नका, त्यासाठीच ते वरचे आठ आहेत.

बैठक संपली की पळीभर पाणी सोडून ‘अनेन यथाशक्ति कृतेन जपकर्मणा बृहस्पतिः प्रीयतां न मम’ म्हणायचं. बुधाचा जप असेल तर ‘बुधः प्रीयताम्’. लगेच उठून फोन हातात घेऊ नका, दोन मिनिटं तसेच बसा.

खंड पडला तर

ताप आला, प्रवास निघाला, सुतक आलं. अशा दिवशी माळ ठेवून द्यावी, मनात नाव घ्यायला कुणाची ना नाही. पाळीच्या दिवसांबद्दल घराघरांत वेगळी रीत आहे, ज्यांच्या त्यांनी ठरवावं. राहिलेल्या माळा पुढे भरून काढा, शेवटचा दिवस पुढे ढकलला तरी चालेल. पण एका दिवशी वीस माळा उरकून हिशेब जुळवणं खरं नाही. तेव्हा मंत्राचा नुसता गुळगुळीत आवाज उरतो.

जप पुरा झाल्यावर

शास्त्राप्रमाणे संख्येचा दहावा भाग हवन. गुरूच्या १९,००० ला १,९०० आहुती, समिधा पिंपळाच्या. बुधाला आघाड्याच्या. फ्लॅटमध्ये हे झेपत नाही, म्हणून तितकाच किंवा दुप्पट जप जास्तीचा करण्याची पद्धत आहे. गुरुजींना बोलावून लहानसं हवन करायचं असेल तर दक्षिणा आणि साहित्य आधी बोलून घ्या, नंतर कुरबूर नको.

दान मात्र चुकवू नये. गुरूसाठी हरभऱ्याची डाळ, हळद, पिवळं वस्त्र, बुधासाठी हिरवे मूग. मूठभर डाळ पुडीत बांधून देवळात ठेवण्यापेक्षा, दोन-तीन किलो घेऊन ज्या घरी किंवा वसतिगृहात ती शिजेल तिथे नेऊन द्या. शिकणाऱ्या मुलांचं वसतिगृह असेल तर गुरूच्या आणि बुधाच्या दोघांच्याही खात्यात बसतं. एखाद्या मुलाची वर्षाची पुस्तकं घेऊन दिलीत तरी चालेल.

पुढचा जप लगेच सुरू करायची घाई नको. महिनाभर रोजची एक माळ चालू ठेवा. ती टिकली तर मग बुधाचं बघा.