कॉन्फरन्सला मालदीव? विमानाचं तिकीट सगळ्यात आधी काढू नका

बेटावरच्या कॉन्फरन्सचं आमंत्रण आलं की बडोद्यातले डॉक्टर असोत, सीए असोत की मकरपुऱ्याचे इंजिनिअर, सगळ्यांचा पहिला उद्योग एकच. मोबाइल काढायचा आणि मुंबई-मालेचं सगळ्यात स्वस्त तिकीट पकडायचं. दोन हजार वाचले की स्वारी खूश. रिसॉर्ट कुठल्या बेटावर आहे, तिथे जायचं कसं, हे नंतर बघू. सगळा घोळ या ‘नंतर बघू’तून सुरू होतो.

मालेला उतरलात म्हणजे पोहोचलात असं नाही. मालेच्या वेलाना विमानतळापासून पुढचा प्रवास स्पीडबोटीने, देशांतर्गत विमानाने किंवा सीप्लेनने होतो. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. समुद्रावर धावपट्टीही नसते आणि दिवेही नसतात. वैमानिक लाटा आणि वारा डोळ्यांनी बघून विमान पाण्यावर उतरवतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत त्याला परतावं लागतं. म्हणून तुमचं मुंबईचं विमान दुपारी साधारण साडेतीनच्या आत मालेत टेकायला हवं. साडेतीन ही कागदावरची मर्यादा झाली. इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावर उशिरा येणारी बॅग, सीप्लेन टर्मिनलपर्यंतची बस हे सगळं धरून दीडच्या आत उतरणारंच विमान घ्यावं. त्यानंतरचं कितीही स्वस्त असलं तरी नको.

बडोद्याच्या सहा जणांच्या एका ग्रुपने हेच केलं नाही. त्यांचं विमान चार वाजून दहा मिनिटांनी उतरलं. बाहेर लख्ख ऊन, सीप्लेन मात्र बंद. रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेच्या हॉटेलात काढली, त्याचं बिल वेगळं. रिसॉर्टमधल्या त्या रात्रीच्या खोल्यांचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण खोल्या त्यांच्या नावावर रिकाम्या पडून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं सीप्लेन मिळेल अशी आशा होती, पण जागा मिळाली अकराच्या सुमाराला. सीप्लेनची वेळ प्रवासी ठरवत नाही. रिसॉर्ट तुमचा फ्लाइट नंबर कळवतं आणि कंपनी तिच्या सोयीने जागा देते. उद्घाटनाचं सत्र गेलं, आणि त्यातल्या एकाचं भाषण त्याच सत्रात होतं. वाचवलेले दोन हजार कुठे गेले ते विचारू नका.

म्हणून तिकिटं उलट्या क्रमाने काढायची. आधी सत्राची वेळ, मग बेटावर जायचं साधन, मग विमान आणि शेवटी रेल्वे. उशिराच्या विमानाशिवाय पर्याय नसेल तर आयोजकांना विचारा की स्पीडबोटीने जाता येईल असं काही आहे का. माले अटॉल या बेटसमूहातल्या जवळच्या बेटांवर बोटी रात्रीही जातात. लांबच्या काही बेटांसाठी देशांतर्गत विमान आणि पुढे बोट असा मार्ग असतो, तोही अंधारात चालतो.

परतीलाही हाच हिशेब लावा. आंतरराष्ट्रीय विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचं, त्यात सीप्लेन वाटेत दोन-तीन बेटांवर थांबत येणार. सकाळी नऊच्या आधीचं परतीचं विमान घेतलंत तर आदली रात्र मालेत काढावी लागेल.

आता घड्याळ. मालदीवची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण बरीच रिसॉर्ट स्वतःची वेगळी ‘आयलंड टाइम’ पाळतात, मालेच्या एक तास पुढे. पाहुण्यांना संध्याकाळचं ऊन जास्त मिळावं म्हणून. म्हणजे बेटावर सकाळचे नऊ, तेव्हा मालेत आठ आणि बडोद्यात साडेआठ. मोबाइल नेटवर्कवरून मालेची वेळ उचलतो. फ्लाइट मोडवर ठेवून नुसतं वायफाय वापरणाऱ्याच्या फोनवर बडोद्याचीच वेळ राहू शकते. एका वक्त्याचं सत्र नऊला होतं. फोनवर आठ पन्नास बघून तो ऐटीत हॉलकडे निघाला. दारात लोक चहाचे कप घेऊन उभे होते, कारण बेटावर नऊ पन्नास झाले होते. फोन बरोबर होता, आयोजकांचं वेळापत्रकही बरोबर होतं. दोघांचं घड्याळ वेगळं होतं, इतकंच.

यावर उपाय साधा आहे. मनगटी घड्याळ न्या, खोलीची किल्ली घेतानाच रिसेप्शनच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ते जुळवा आणि चार दिवस फोनकडे वेळेसाठी बघू नका. निघायच्या आदल्या संध्याकाळी सीप्लेनची वेळ कळवली जाते. ती बेटाची की मालेची, हे तोंडाने विचारून कागदावर लिहून घ्या. विमानाच्या तिकिटावर मात्र नेहमी मालेचीच वेळ असते.

सामान. सीप्लेनमध्ये साधारण २० किलोची बॅग आणि ५ किलोचं हातातलं सामान चालतं. दोन्ही वजनकाट्यावर ठेवावं लागतं, वर गेलं की किलोमागे डॉलर मोजा. मुंबईच्या विमानाची मर्यादा वेगळी आणि ही वेगळी. बॅग भरताना हीच धरा. थेपले, खाखरे, लीलो चिवडा हौसेने भरणाऱ्यांनी विशेषतः. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुळीच नकोत, चेक-इन बॅगेत त्या चालत नाहीत.

कॉन्फरन्समध्ये मांडायचं संशोधनाचं पोस्टर असेल तर कापडावर छापून घ्या. ए-झिरो पोस्टर ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचं असतं, कागदावर छापलं की त्याची नळी जवळजवळ ९० सेंटिमीटरची होते. ती ना केबिनमध्ये मावते ना सीप्लेनमध्ये सुखाने जाते. कापडाचं पोस्टर शर्टासारखं घडी घालून नेता येतं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, चालते. मर्यादा १०० वॉट-अवर आहे.

प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. अडॅप्टर इथूनच घ्या, रिसॉर्टच्या दुकानातले भाव बघून रडू येईल.

स्मृतिचिन्ह म्हणून गणपतीची मूर्ती देण्याची आपली जुनी सवय. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेण्यावर बंदी आहे, कस्टम अडवतं. संखेड्याची लाखेची लाकडी डबी द्या, ती हलकीही असते. मुंबईच्या ड्युटी फ्रीमधली बाटलीही मालेत काढून घेतात. पावती मिळते आणि परत जाताना बाटली मिळते, पण पार्टीची योजना बारगळते.

इमुगा हा मालदीव सरकारचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म जाताना आणि येताना दोन्ही वेळा, प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा. तो फुकट आहे. डॉलर मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नव्हे. बंद करा.

खर्चाची गंमत बघा. आयोजकांच्या पत्रकात ‘खोली ३०० डॉलर प्लस प्लस’ असं असतं. त्या दोन प्लसमध्ये १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर १७ टक्के टीजीएसटी, म्हणजे पर्यटनावरचा जीएसटी, लपलेला असतो. म्हणजे ३०० चे ३३०, मग ३८६ डॉलर १० सेंट. वर रिसॉर्टमध्ये दर माणशी दर रात्री १२ डॉलर ग्रीन टॅक्स. दोघांच्या खोलीचे एका रात्रीचे ४१० झाले. सीप्लेनचे जाऊन-येऊन दर माणशी चारशे-सहाशे डॉलर बहुतेक वेळा यात नसतातच. ‘किती पडेल?’ असं आयोजकांना विचारू नका. ‘सगळे कर आणि ट्रान्सफर धरून एका माणसाचे एकूण किती, लिहून द्या’ असं विचारा. तेही हुकमी स्वरात.

जैन किंवा कांदा-लसूण नको असलेलं जेवण आठवडाभर आधी कळवा. स्वयंपाकघराचा माल बोटीने येतो, ऐनवेळी आचारी भात आणि उकडलेल्या भाज्याच देईल.

मे ते ऑक्टोबर पावसाळा, त्यामुळे दर उतरतात आणि कॉन्फरन्सही याच काळात लागतात. समुद्र खवळलेला असतो. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी अर्धा तास घ्यायची, सुटल्यावर नव्हे.

शेवटचा मुद्दा मुंबईचा. पहाटेच्या गाडीने उतरून थेट विमानतळाचं टी-टू टर्मिनल गाठायचा उत्साह पावसाळ्यात नको. वसई-विरारकडे रुळांवर पाणी आलं की गाड्या तासन् तास थांबतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तर बडोद्यातूनच बाहेर पडणं कठीण झालं होतं. आदल्या दिवशी मुंबई गाठा आणि वंदे भारतने आलात तर बोरिवलीला उतरा. मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन टॅक्सीने अंधेरीकडे उलटे येणारे अजूनही भेटतात.