‘कीपर’ दिसला की ‘रक्षक’? अनुवादात या चुका टाळा

क्रिकेटमुळे ‘कीपर’ इतका ओळखीचा झालाय की तो दिसला रे दिसला, आपण ‘रक्षक’ लिहून मोकळे होतो. यष्टीरक्षक, गोलरक्षक इथपर्यंत ठीक. घोळ पुढे होतो.

विज्ञानाचा एक अनुवाद तपासताना वाक्य दिसलं: ‘नालाकृती चुंबक ठेवून देताना त्याला रक्षक लावावा.’ हे वाचून मुलं शोधणार काय? इथे कीपर म्हणजे मऊ लोखंडाची छोटी पट्टी. ती दोन्ही ध्रुवांवर आडवी बसवली की बलरेषांना लोखंडातून वाट मिळते आणि चुंबकत्व लवकर उतरत नाही. ‘ध्रुवांवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवावी’ एवढं लिहिलं की झालं.

‘कीप’साठी मराठीत एकच क्रियापद नाही, हे आधी ध्यानात घ्या. मधमाश्या आपण पाळतो, हिशेब ठेवतो, घर सांभाळतो, शांतता राखतो. म्हणून नाम ठरवण्याआधी क्रियापद शोधा. बीकीपर मधमाशीपालक होतो आणि बुककीपर हिशेबनीस. बुककीपरला ग्रंथपाल करू नका, त्यातलं ‘बुक’ म्हणजे हिशेबाची वही. गेमकीपरचाही खेळाशी संबंध नाही. शिकारीसाठी राखलेल्या पशुपक्ष्यांची निगा तो बघतो.

हुद्द्यांच्या बाबतीत तर फारच जपा. ब्रिटिश म्युझियममध्ये कीपर म्हणजे विभागप्रमुख. त्याला ‘पहारेकरी’ लिहिणं म्हणजे एका जाणकार अभ्यासकाला दारावर उभं करणं. 1617 मध्ये फ्रान्सिस बेकन लॉर्ड कीपर झाला, म्हणजे इंग्लंडची राजमुद्रा त्याच्या ताब्यात आली. तिथे ‘राजमुद्राधारक’ शोभतं.

कधी कधी राखणारा कुणी नसतोच. सफरचंदाच्या एखाद्या जातीला ‘गुड कीपर’ म्हटलं असेल, तर ते फळ बरेच दिवस टिकतं. घड्याळ ‘गुड टाइमकीपर’ असेल, तर ते वेळ अचूक दाखवतं.

सगळ्यात फसवा अर्थ बोलीतला, कारण तिथे शब्द उलटा फिरतो: राखणारा नव्हे, राखण्याजोगा. ‘ही इज अ कीपर’ म्हणजे हा माणूस हातचा जाऊ देऊ नकोस. मासेमारीतही तसंच. पकडलेला मासा नियमातल्या मापाचा असेल, पाण्यात परत सोडावा लागत नसेल, तर तो कीपर. तिथे सरळ ‘ठेवण्याच्या मापाचा मासा’ लिहावं.