‘अंतर’ लिहिण्याआधी मोजपट्टी ठरवा: जिऑमेट्रिक ग्रुप थिअरीतल्या या चुका टाळा

जिऑमेट्रिक ग्रुप थिअरीत (ग्रुपकडे अंतर असलेली स्पेस म्हणून पाहणाऱ्या गणिताच्या शाखेत) नव्याने उतरलेल्यांच्या वह्या पाहिल्या, की बहुतेक चुकांचं मूळ एकच दिसतं. ‘अंतर’ असा शब्द लिहिलेला असतो, पण ते कुठल्या ग्रुपच्या जनरेटरनी किंवा कुठल्या स्पेसमधून मोजलं, याचा पत्ता नसतो. (जनरेटर म्हणजे ज्यांच्या गुणाकारातून ग्रुपचा प्रत्येक घटक मिळतो ती ‘अक्षरं’; घटक लिहायला लागणारी कमीत कमी अक्षरं ही त्याची लांबी.) त्यावर पुढची पाच पानं रचली जातात आणि सगळीच फुकट जातात.

श्वार्त्स–मिलनर प्रमेयाची अर्धी अट गिळणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. श्वार्त्स यांनी १९५५ मध्ये आणि मिलनर यांनी १९६८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं हे प्रमेय विषयाचा पाया आहे: ग्रुप एखाद्या प्रॉपर जिओडेसिक स्पेसवर (जिथे बंद चेंडू कॉम्पॅक्ट असतात आणि दोन बिंदूंमध्ये सर्वांत छोटी वाट, म्हणजे जिओडेसिक, असते) अंतरं न बदलता, प्रॉपर्ली (कुठल्याही कॉम्पॅक्ट भागाला मोजकेच घटक स्वतःवर आणून टेकवतात) आणि कोकॉम्पॅक्टली (भागाकारातून मिळणारी स्पेस कॉम्पॅक्ट असते) क्रिया करत असेल, तर तो फायनाइटली जनरेटेड असतो आणि त्या स्पेसशी क्वासी-आयसोमेट्रिक असतो, म्हणजे दोन्हीकडची अंतरं स्थिरांकांच्या फरकाने जुळतात आणि स्पेसचा प्रत्येक बिंदू ऑर्बिटच्या (एका बिंदूच्या ग्रुपने केलेल्या प्रतींच्या) जवळ असतो. घाईत ‘कोकॉम्पॅक्टली’ गळतं. मग नेहमीचा घोळ होतो. एसएल-२-ज़ेड (पूर्णांकांच्या, डिटर्मिनंट १ असलेल्या २ बाय २ मॅट्रिक्सचा ग्रुप) हायपरबोलिक प्रतलावर क्रिया करतो, म्हणून तो प्रतलाशी क्वासी-आयसोमेट्रिक, म्हणून त्याची बाउंडरी (अनंताकडे जाणाऱ्या दिशांचा संच) वर्तुळ. प्रत्यक्षात तो व्हर्च्युअली फ्री आहे (म्हणजे त्यात फायनाइट इंडेक्सचा फ्री सबग्रुप आहे), झाडाशी क्वासी-आयसोमेट्रिक आहे आणि त्याची बाउंडरी कँटर सेट आहे.

कुठे फसतं ते आकड्यांत पाहा. वरच्या अर्धप्रतलात ‘१ ने उजवीकडे सरकवा’ हे मॅट्रिक्स १००० वेळा लावा. आय हा बिंदू आय अधिक १००० वर जातो. या दोघांमधल्या अंतराचा हायपरबोलिक कोसाइन ५००००१ येतो, म्हणजे अंतर जेमतेम १३.८. आता तेच मॅट्रिक्स ग्रुपच्या जनरेटरनी लिहा. पीएसएल-२-ज़ेड (एसएल-२-ज़ेडमध्ये मॅट्रिक्स आणि त्याचं ऋण एकच मानलं की मिळणारा ग्रुप) हा क्रम २ आणि क्रम ३ च्या चक्रीय ग्रुपचा फ्री प्रॉडक्ट आहे, आणि एक सरकवणी म्हणजे दोन अक्षरं. फ्री प्रॉडक्टमध्ये रिड्यूस्ड शब्दच सर्वांत छोटा असतो, त्यामुळे १००० सरकवण्यांना २००० अक्षरं लागतातच. एकीकडे लॉगॅरिदम, दुसरीकडे सरळ रेषेतली वाढ. भागाकारातून मिळणाऱ्या पृष्ठाचं क्षेत्रफळ पाय भागिले ३, म्हणजे मर्यादित आहे. पण मर्यादित क्षेत्रफळ म्हणजे कॉम्पॅक्ट नव्हे. तिथे कस्प (अनंतापर्यंत निमुळती होत जाणारी नळी) आहे, आणि स्पेसमधला शॉर्टकट त्या कस्पमध्ये शिरून जातो. ग्रुपला ती वाट नाही.

उपाय असा. उंची २ च्या वरची होरोबॉल (अर्धप्रतलाचा तिथून वरचा सगळा भाग) आणि ग्रुपने तिच्या केलेल्या सगळ्या प्रती कापून टाका. उरलेल्या भागात नव्याने वाटांची लांबी मोजा. आता भागाकार कॉम्पॅक्ट झाला आणि प्रमेय नीट लागू होतं. उरलेला भाग कागदावर काढलात तर जाड केलेलं, प्रत्येक सांध्याला तीन फांद्या असलेलं झाड समोर दिसतं. हे चित्र एकदा स्वतःच्या हाताने काढावंच. व्हिडिओत पाहून भागत नाही.

‘कोकॉम्पॅक्ट नसलं की शब्दांची लांबी आणि स्पेसमधलं अंतर जुळतच नाही’ असं म्हणणारेही भेटतात. तेही चूक. लुबोत्स्की, मोझेस आणि तेव्हा मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) असलेले एम. एस. रघुनाथन यांच्या २००० सालच्या निबंधात सिद्ध झालं आहे, की एसएल-३-ज़ेड आणि पुढच्या एसएल-एन-ज़ेडमध्ये ही दोन अंतरं स्थिरांकांच्या फरकाने जुळतात. वरचंच सरकवणीचं मॅट्रिक्स ३ बाय ३ च्या कोपऱ्यात बसवा: आता १००० व्या घाताला लागणारी अक्षरं लॉगॅरिदमच्या प्रमाणात. कारण तिथे २, १, १, १ हे मॅट्रिक्स तिसऱ्या स्तंभातल्या पूर्णांकांना घातांकी वेगाने ताणायला हाताशी असतं. तरीही यातून मिळतं ते क्वासी-आयसोमेट्रिक एम्बेडिंग. ऑर्बिट संपूर्ण सिमेट्रिक स्पेसच्या जवळ पोचत नाही, म्हणून ऑर्बिटचा मॅप क्वासी-आयसोमेट्री ठरत नाही.

सबग्रुपची मोजपट्टी मोठ्या ग्रुपला लावणं

सोपी तपासणी: ट आणि अ हे जनरेटर, आणि ट-अ-ट-व्यस्त बरोबर अ चा वर्ग. अ चा १०२४ वा घात अ च्याच सबग्रुपमध्ये १०२४ लांब आहे. मोठ्या ग्रुपमध्ये दहा ट, एक अ, दहा ट-व्यस्त, अशी २१ अक्षरं पुरतात. इथवर बहुतेकांना कळतं. मग कोणीतरी म्हणतं, हा ग्रुप हायपरबोलिक नाही, हायपरबोलिकमध्ये असं होत नाही. (हायपरबोलिक ग्रुप म्हणजे ज्यात जिओडेसिक त्रिकोणाची प्रत्येक बाजू बाकी दोन बाजूंपासून डेल्टा या ठरावीक अंतरातच राहते.) चक्रीय सबग्रुपपुरतं ते खरं आहे, पण पुढे नाही. वर्तुळावर फायबर होणारं (वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक पृष्ठ, असं रचलेलं) बंद हायपरबोलिक ३-मॅनिफोल्ड घ्या. फायबरच्या सरफेस ग्रुपमधला एक घटक ट ने (इथे ट म्हणजे वर्तुळाभोवती एक फेरी मारणारा घटक) क वेळा कॉन्जुगेट केला की बाहेर सुमारे दोन क अक्षरं, आत घातांकी लांबी.

याच ठिकाणी कॅनन आणि थर्स्टन यांनी १९८० च्या दशकात थक्क करणारी गोष्ट दाखवली: आतल्या-बाहेरच्या लांबीत इतकं विरूपण असूनही सबग्रुपची वर्तुळाकार बाउंडरी सलगपणे संपूर्ण गोलावर, म्हणजे मोठ्या ग्रुपच्या बाउंडरीवर, पसरते. निबंध छापून यायला २००७ उजाडलं. आज टीआयएफआरमध्ये असलेले महान महाराज यांनी १९९८ मध्ये हायपरबोलिक ग्रुपच्या हायपरबोलिक नॉर्मल सबग्रुपसाठी असा मॅप नेहमी असतो हे सिद्ध केलं. एकामागून एक उदाहरणं जुळत गेली, तशी ‘सबग्रुपही हायपरबोलिक असला की मॅप असणारच’ ही आशा पक्की होत गेली. २०१३ मध्ये बेकर आणि रायली यांनी एका हायपरबोलिक ग्रुपमध्ये असा फ्री सबग्रुप दाखवला, की जिथे हा मॅप अस्तित्वातच नाही.

म्हणून बाउंडरीवर ‘साहजिकच विस्तारतो’ असं लिहिण्याआधी ही कसोटी लावा. सबग्रुपमधली जिओडेसिक एककापासून दूर असेल, तर तीच टोकं जोडणारी मोठ्या ग्रुपमधली जिओडेसिकही एककापासून दूर राहते का? सबग्रुप क्वासीकॉन्व्हेक्स असेल (त्याचे घटक जोडणाऱ्या मोठ्या ग्रुपमधल्या जिओडेसिक त्याच्या जवळच राहत असतील) तर उत्तर हो, आणि पुरावा एका ओळीत संपतो. नसेल तर खरं काम आता सुरू होतं, ते टाळू नका. सवय म्हणून प्रत्येक अंतराच्या चिन्हाखाली ग्रुपचं नाव लिहा. कंटाळवाणं वाटतं, पण याहून स्वस्त विमा नाही.

थोडक्यात बाकीच्या:

डेल्टा हा ग्रुपचा गुणधर्म मानू नका. जनरेटर बदलले की तोही बदलतो.

क्वासी-आयसोमेट्री सलग असावी लागत नाही. तिच्यावर टोपॉलॉजीची प्रमेयं थेट लावू नका.

सगळ्या बंद हायपरबोलिक ३-मॅनिफोल्डचे मूलभूत ग्रुप एकमेकांशी क्वासी-आयसोमेट्रिक असतात, म्हणून कॉमेन्शुरेबल (फायनाइट इंडेक्सचे सारखे सबग्रुप असलेले) असतात असं नाही. प्रॉपर्टी टी (ग्रुपच्या युनिटरी रिप्रेझेंटेशनवरची एक कडक अट) आणि रेसिड्युअल फायनाइटनेस (प्रत्येक अक्षुल्लक घटक एखाद्या सांत भागाकारात टिकणं) हेही क्वासी-आयसोमेट्रीने टिकत नाहीत.

‘बाउमस्लाग–सोलिटार सबग्रुप नाहीत आणि ग्रुप फायनाइट टाइपचा आहे, म्हणजे हायपरबोलिक’ हे वाक्य आता खोडाच. (बाउमस्लाग–सोलिटार म्हणजे वरच्या ट-अ ग्रुपसारखे, जिथे ट अ च्या एका घाताला दुसऱ्या घातावर नेतो; फायनाइट टाइप म्हणजे सांत क्लासिफाइंग स्पेस असलेला.) इटालियानो, मार्टेल्ली आणि मिलिओरिनी यांनी वर्तुळावर फायबर होणारं हायपरबोलिक ५-मॅनिफोल्ड बांधलं (निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला) आणि त्यातून नेमकं याचं प्रतिउदाहरण मिळालं.

‘व्हर्च्युअली’ हा शब्द कधीही गाळू नका. एगॉल यांच्या २०१२ च्या प्रमेयाने बंद हायपरबोलिक ३-मॅनिफोल्डचं एखादं फायनाइट कव्हर वर्तुळावर फायबर होतं, मूळ मॅनिफोल्ड होईलच असं नाही. वीक्स मॅनिफोल्ड या बंद हायपरबोलिक ३-मॅनिफोल्डचं पहिलं होमॉलॉजी (मूलभूत ग्रुपचं अबेलियन रूप) म्हणजे क्रम ५ च्या दोन चक्रीय ग्रुपची बेरीज. ते सांत आहे, म्हणून मूलभूत ग्रुपमधून पूर्णांकांत जाणारा एकही अक्षुल्लक होमोमॉर्फिझम मिळत नाही आणि फायबरिंगचा प्रश्न तिथेच मिटतो. कव्हर शोधायला बसण्याआधी पहिलं होमॉलॉजी काढा. प्रेझेंटेशन हाताशी असेल तर रिलेशन्समधले घातांक मॅट्रिक्समध्ये मांडून स्मिथ नॉर्मल फॉर्म (मॅट्रिक्सचं कर्णरूप) काढला की काम झालं.