काजूबोंडांच्या चोथ्याचा मुरघास

मार्च ते मे हा काजूचा हंगाम, आणि गोव्यात हिरव्या चाऱ्याची टंचाईही नेमकी याच दिवसांत. सत्तरी-पेडण्याकडे रस काढलेल्या बोंडांचा चोथा फेणीच्या भट्टीमागे ढिगाने पडलेला दिसतो. तो गुरांना चालतो, पण त्याच दिवशीचा हवा. त्यात साखर उरलेली असते. उघडा ढीग रातोरात आंबतो, मद्यार्क तयार होतो, मग बुरशी धरते. असा चोथा भरपूर खाल्ला की जनावराचे पोट फुगते, रवंथ थांबते. म्हणून ताज्या चोथ्याचा मुरघास करावा, म्हणजे तो दाबून हवाबंद मुरवून टिकवावा.

आणल्याबरोबर चोथा पसरून बिया राहिल्या आहेत का पाहा. काजूच्या टरफलातले तेल गुरांचे तोंड भाजते. माती लागलेला तळचा थर घेऊ नका.

१०० किलो ओल्या चोथ्याला १२ ते १५ किलो भाताचा पेंढा बोटभर लांबीचा चिरून मिसळा. नुसत्या चोथ्यात पाणी फार असते, तळाशी साचून सडते. पेंढा ते शोषतो. अर्धा किलो मीठ टाका. गूळ लागत नाही. मूठभर मिश्रण घट्ट आवळून पाहा: तळहात ओला व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. ठिबकले तर पेंढा वाढवा.

झाकणाच्या २०० लिटरच्या प्लास्टिक पिंपात वीतभर थर घालत पायाने दाबत जा. या दाबण्यावरच सगळे अवलंबून आहे. कडेला हवा राहिली की तिथूनच बुरशी सुरू होते. वर प्लास्टिक पसरून झाकण घट्ट लावा, पिंप सावलीत ठेवा आणि महिनाभर उघडू नका.

चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो. काळा, बुळबुळीत किंवा बुरशीचा भाग फेकून द्या. शेळ्यांनाही घालू नका. एकदा उघडले की रोज वरचा थर काढून पुन्हा दाबून झाका.

मोठ्या गाईला सुरुवातीला दिवसाला एक किलो, मग दहा-बारा दिवसांत वाढवत पाच किलोपर्यंत. शेळीला अर्धा किलो पुरे. चोथ्यात प्रथिने कमी आणि टॅनिन हे तुरट द्रव्य असते, त्यामुळे हा एकटा आहार नव्हे. सोबत खोबऱ्याची पेंड, खनिज मिश्रण आणि कुंपणावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला द्या. पाला आदल्या संध्याकाळी तोडून सुकू द्यावा, ताज्याच्या वासाने पुष्कळ गुरे तोंड फिरवतात.

पिंप नसेल तर चोथा पातळ पसरून, दिवसातून दोन-तीनदा उलटत कडक उन्हात कुरकुरीत वाळवा आणि पावसाळ्यासाठी पोत्यात भरा. मळभ असेल त्या दिवशी मात्र वाळवायला घेऊ नका.